जेवणाकडून तोंड फिरविणारें मूल



“मूल कांहीं खात नाहीं हो,” ही तक्रार आपण घरोघर ऐकतों, आणि “भूक लागली म्हणजे खाईल,” असें म्हणून बहुधा उठून येतों. पुष्कळ घरीं हें उत्तर बरोबर ठरतें. कांहीं थोड्या घरीं तें चुकतें, आणि तेथें मूल आपल्या डोळ्यांदेखत झिजत असतें. ह्या दोन प्रकारच्या घरांतील भेद कसा ओळखावा, आणि दुसऱ्या प्रकारच्या घरांतील आईबापांस डॉक्टरापर्यंत कसें पोंचवावें, एवढेंच आम्ही ह्या पाठांत सांगणार आहों. उपदेशकांनीं व घरोघर भेट देणाऱ्या भगिनींनीं हा पाठ आपल्या गांवच्या सभेंत मोठ्यानें वाचून दाखवावा, अशी आमची विनंति आहे.

१. एक घर

भिवंडींतील असें एक घर डोळ्यांसमोर आणा. बाप यंत्रमागावर रात्रपाळी करितो व सकाळीं येऊन निजतो. खोली एक, माणसें सहा. मुलगा अडीच वर्षांचा आहे. तो दूध पितो, एकाच प्रकारच्या वेष्टनांतील ग्लुकोज बिस्किट खातो, आणि कोरडा पांढरा भात खातो. त्या भातावर वरणाचा एक थेंब पडला, तरी तो ताट लोटून देतो. बिस्किट मोडलेलें असलें तरी त्याला चालत नाहीं. पूर्वीं तो केळें व उकडलेलें अंडें खात असे. सहा महिन्यांपूर्वीं तींहि सुटलीं. भाकरीचा तुकडा तोंडांत घातला तर त्याला ओकारी येते. आई दिवसांतून सहा वेळां दुधाची बाटली भरते, कारण तेवढें तरी पोटांत जातें.

आजी म्हणते, “सूनबाई, तूंच त्याला लाडावून ठेवलें आहेस.” शेजारीण म्हणते, “दृष्ट लागली आहे.” बाप म्हणतो, “दोन फटके दिले म्हणजे खाईल.” परंतु ह्या तिघांपैकीं कोणीहि त्या मुलाचें वजन करून पाहिलेलें नाहीं. वाचकहो, आपल्या पाठाचा आरंभ येथूनच होतो.

२. एक वर्षानंतर भूक कां मंदावते

प्रथम धीराची गोष्ट सांगूं. जन्मतः तीन किलो असलेलें निरोगी मूल वर्षाचें होईपर्यंत सुमारें नऊ किलोंचें होतें, म्हणजे पहिल्या वर्षांत सहा किलो वाढतें. दुसऱ्या वर्षांत तें दोन-अडीच किलोच वाढतें. वाढ मंदावली म्हणजे भूकहि मंदावते. त्याच सुमारास मूल चालूं लागतें, “नको” म्हणावयास शिकतें, आणि नव्या पदार्थाची त्यास भीति वाटूं लागते. म्हणून दीड ते चार-पांच वर्षांच्या मुलानें पालेभाजी नाकारणें, एक दिवस पोटभर खाणें व दुसऱ्या दिवशीं दोन घांसांवर उठणें, हें स्वाभाविक आहे. असें मूल घरांतील निरनिराळ्या पदार्थांतून कांहीं ना कांहीं खातें, खेळतें, आणि त्याचें वजन सावकाश कां होईना, वाढत राहतें. त्याच्या आईस धीर द्यावा. तेथें औषधाची गरज नाहीं.

३. कोणतीं लक्षणें दिसलीं म्हणजे थांबूं नये

परंतु पुढीलपैकीं एक जरी लक्षण दिसलें, तरी “मोठा झाला म्हणजे खाईल” असें म्हणूं नये.

पहिलें : दोन-तीन महिने वजन वाढलें नाहीं, किंवा कमी झालें.

दुसरें : मूल खातें त्या पदार्थांची संख्या हातांच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिली, आणि जुने पदार्थ सुटत जाऊन नवा एकहि येत नाहीं. एखादा सबंध वर्ग, जसें सर्व फळें, सर्व भाज्या किंवा सर्व डाळी, ताटांतून नाहींसा झाला.

तिसरें : घांस गिळतांना ठसका लागतो, गुदमरल्यासारखें होतें, वारंवार ओकारी येते, किंवा दोन वर्षांनंतरहि पातळ केल्याशिवाय कांहींच गिळतां येत नाहीं.

चौथें : ओठ व तळहात फिकट दिसतात, मूल माती, खडू किंवा भिंतीचे पोपडे खातें, लवकर थकतें, चिडचिडें झालें आहे.

पांचवें : हिरड्यांतून रक्त येतें, पाय दुखतात म्हणून चालावयास नको म्हणतें, संध्याकाळीं अंधुक दिसतें, पायांस बाक किंवा सूज आली आहे.

सहावें : नांवानें हांक मारली असतां मूल वळून पाहत नाहीं, बोटानें दाखवीत नाहीं, त्या वयाचे शब्द बोलत नाहीं, किंवा पूर्वीं बोलत असलेले शब्द विसरलें आहे.

ह्यांत पायांस सूज, रक्त येणें, गुदमरणें, पाणीहि न घेणें, लघवी फार कमी होणें किंवा मूल निपचित पडून राहणें, असें कांहीं दिसलें तर पुढच्या आठवड्याची वाट पाहूं नये. त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. “आमचें मूल तर गुटगुटीत आहे,” असें पुष्कळ आईबाप म्हणतात. इंग्लंडांतील ब्रिस्टल शहरांतील एका तरुणाची हकीगत तेथील डॉक्टरांनीं २०१९ सालीं प्रसिद्ध केली. शाळकरी वयापासून तो तळलेला बटाटा, बटाट्याच्या चकत्या, पांढरा पाव व थोडें टिकविलेलें मांस एवढेंच खात असे. त्याची उंची व वजन इतरांसारखेंच होतें, म्हणून धोका लवकर कळला नाहीं. सतराव्या वर्षापर्यंत त्याची दृष्टि कायमची अधू झाली, कारण डोळ्यांच्या नसांस लागणारीं जीवनसत्त्वें त्याच्या अन्नांत नव्हतीं. तात्पर्य, पोट भरणें निराळें आणि शरीराचें पोषण होणें निराळें.

४. हा हट्ट नव्हे, तर काय?

कारणें अनेक असतात. घशांतील गांठी वाढलेल्या असतात, तोंडांत फोड असतात, जठरांतील आंबट रस वर येऊन जळजळ होते, शौचास अनेक दिवस होत नाहीं म्हणून भूक मरते, पोटांत जंत असतात, क्षयासारखा जुना रोग असतो. अशा मुलास जेवतांना दुःख होतें. आणि ज्या गोष्टीनें दुःख होतें ती टाळणें ही मोठ्या माणसाचीहि रीत आहे.

कांहीं मुलांस स्पर्श, वास, रंग व चव हीं इतरांपेक्षां फार तीव्र लागतात. आपणांस मऊ वाटणारी भेंडी त्यांस किळसवाणी वाटते. आत्ममग्नता, म्हणजे ज्यास ऑटिझम म्हणतात, ती अवस्था असलेल्या मुलांत हें विशेष आढळतें. अन्न टाळण्याची ही स्थिति मुलाच्या वाढीस किंवा पोषणास बाधा करूं लागली म्हणजे तो एक स्वतंत्र विकार होय, असें अमेरिकेंतील मानसरोगतज्ज्ञांच्या संस्थेनें २०१३ सालीं आपल्या ग्रंथांत नोंदविलें. हा विकार आईच्या लाडानें होत नाहीं, दृष्टीनें होत नाहीं, आणि फटक्यांनीं जात नाहीं. पोटावर डाग दिल्यानें तर मुलास जखम मात्र होते. भूक वाढविण्याचें औषध दुकानांतून विचारल्यावांचून आणून पाजणें हेंहि तितकेंच अविचाराचें आहे; त्यानें मूळ रोग झांकला जातो.

५. दूध, बिस्किट आणि रक्त

वर सांगितलेल्या मुलाच्या आईचें समाधान असें कीं, दूध तरी पोटांत जातें. दूध चांगलेंच आहे. पण वर्षावरील मुलास तें दिवसांतून अर्ध्या लिटराहून फार अधिक दिल्यास तेंच अडचण करितें. एक ते तीन वर्षांच्या मुलास रोज सात-आठ मिलिग्राम लोह लागतें. एक लिटर गाईच्या दुधांत लोह अर्ध्या मिलिग्रामच्या आसपासच असतें. शिवाय दुधानें पोट भरल्यावर डाळ, नाचणी, पालेभाजी, अंडें, मासळी ह्यांस जागा उरत नाहीं. लोह कमी पडलें म्हणजे रक्त फिकें पडतें, आणि रक्त फिकें पडलें म्हणजे भूक आणखी मंदावते. ह्या फेऱ्यांतून मूल आपले आपण बाहेर पडूं शकत नाहीं.

हें दुःख थोड्या घरांचें नाहीं. २०१९ ते २०२१ ह्या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें महाराष्ट्रांत सहा महिने ते पांच वर्षें वयाच्या शंभर मुलांपैकीं सुमारें एकोणसत्तर मुलांस रक्तक्षय होता. म्हणून लोहाचें पातळ औषध आशाताईंकडून मिळतें. तें त्या सांगतील त्या मापानें द्यावें, अधिक देऊं नये, व बाटली मुलाच्या हातीं लागूं देऊं नये. लोहाचा अतिरेक लहान मुलास जिवावरचा होतो.

६. डॉक्टराकडे काय घेऊन जावें

पुष्कळ आया डॉक्टरासमोर “कांहींच खात नाहीं” एवढेंच सांगतात. गर्दीच्या वेळीं डॉक्टरहि “भरवीत जा” असें म्हणून पुढच्या रुग्णास बोलावितात, आणि आई निराश होऊन परत येते. ह्यावर उपाय एकच आहे : लिहून न्या. एक साधी वही घ्या. सात दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत मुलानें काय खाल्लें, किती खाल्लें, दूध किती पेले झालें, ओकारी केव्हां आली, शौचास केव्हां झालें, हें लिहा. दुसऱ्या पानावर तें आज खातें ते सर्व पदार्थ लिहा. तिसऱ्या पानावर पूर्वीं खात असे व आतां सोडले ते लिहा. आई लिहूं शकत नसेल, तर उपदेशकानें किंवा शाळेंतील मोठ्या मुलीनें रोज संध्याकाळीं विचारून लिहावें.

त्याबरोबर अंगणवाडींतील वजनाची नोंद व माता-बाल संरक्षण कार्ड न्या. अंगणवाडीसेविका दंडाचा घेरहि मोजून देतात. सहा महिने ते पांच वर्षांच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरांहून बारीक असला तर तें तीव्र कुपोषण होय. साडेअकरा ते साडेबारा असला तर मध्यम. ही वही व हे आंकडे पाहिले म्हणजे कोणताहि डॉक्टर “लाड” हा शब्द सहसा उच्चारणार नाहीं.

७. कोठें जावें

गांवांत राहणाऱ्यांनीं प्रथम जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत जावें. भिवंडी शहरांत व आसपास राहणाऱ्यांस इंदिरा गांधी स्मृति उपजिल्हा रुग्णालय आहे. तेथें रक्ताची तपासणी करून घ्यावी, आणि बालरोगतज्ज्ञांस वही दाखवावी. मूल तीव्र कुपोषित ठरलें तर आईसह त्यास पोषण पुनर्वसन केंद्रांत ठेवून घेतात. तेथें जाण्यास लाजूं नये.

दुसरा मार्ग अंगणवाडींतूनच निघतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम हा ६ फेब्रुवारी २०१३ रोजीं पालघर येथें सुरू झाला. पालघर तेव्हां ठाणें जिल्ह्यांतच होतें. ह्या योजनेखालीं डॉक्टरांचें पथक वर्षांतून दोनदां अंगणवाडींत येऊन मुलें तपासतें. जन्मतः असलेले दोष, रोग, अन्नाची उणीव व वाढींतील विलंब ह्या चारहि गोष्टी तें पाहतें, आणि गरज असेल त्या मुलास जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवितें. उपचार विनामूल्य असतात. पथक येईल त्या दिवशीं असें मूल घरीं ठेवूं नये. “तें रडतें, म्हणून नेलें नाहीं,” असें झालें तर सहा महिने वाट पाहावी लागते.

ह्याहून पुढें जावें लागलें तर मुंबई दूर नाहीं. परळ येथील बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय १९२९ सालापासून मुलांची सेवा करीत आहे. मुलाच्या वाढींत किंवा बोलण्यांत विलंब असेल, तर २००१ सालीं डॉक्टर विभा कृष्णमूर्ति ह्यांनीं मुंबईंत स्थापिलेली ‘उम्मीद’ ही संस्था ह्याच कामास वाहिलेली आहे.

तेथें काय होतें, हें आधीं ठाऊक असलें म्हणजे भीति वाटत नाहीं. प्रथम शरीर तपासतात. मग भाषा व गिळणें ह्यांचे तज्ज्ञ मुलास खातांना पाहतात. नंतर पायऱ्यापायऱ्यांनीं शिकवितात : नवा पदार्थ प्रथम त्याच खोलींत ठेवावयाचा, मग त्याच पाटासमोर, मग बोटानें शिवावयाचा, मग हुंगावयाचा, मग जिभेला लावावयाचा, आणि सर्वांत शेवटीं चावावयाचा. एका पायरीस कधीं कधीं महिना लागतो. पहिल्या भेटींत गुण आला नाहीं म्हणून उपचार सोडूं नये.

८. घरीं काय करावें

डॉक्टरांची भेट होईपर्यंत आणि त्यानंतरहि घरचें वळण महत्त्वाचें आहे. अमेरिकेंतील डॉक्टर क्लारा डेव्हिस ह्यांनीं १९२६ सालापासून पंधरा लहान मुलांस स्वतःच्या निवडीनें जेवूं दिलें. त्यांच्यासमोर धान्य, फळें, भाज्या, अंडीं, मांस, दूध असे साधे पदार्थ ठेवीत. एकूण यादी चौतीस पदार्थांची होती. प्रत्येक मुलाची निवड निराळी होती, तरी सर्व मुलें चांगलीं वाढलीं. पण त्या यादींत साखर किंवा मिठाई मुळींच नव्हती, हें विसरूं नये. ह्यावरून धडा असा कीं, ताटांत काय ठेवावें हें मोठ्यांनीं ठरवावें, आणि त्यांतून किती खावें हें मुलावर सोडावें. हा धडा सामान्य चोखंदळ मुलास पुरतो. वर सांगितलेलीं लक्षणें असलेल्या मुलास केवळ भुकेवर सोडून देणें धोक्याचें आहे, कारण असें मूल भुकेनेंहि नवा पदार्थ खात नाहीं.

म्हणून पुढील नियम पाळावे. जेवणाच्या वेळा ठरवाव्या. मध्यें सतत बिस्किट देऊं नये. बाटली हळूहळू सोडवून दूध पेल्यानें व जेवणानंतर द्यावें. ताटांत मुलाचा ओळखीचा एक पदार्थ अवश्य ठेवावा, व त्याच्या शेजारीं नव्याचा चिमूटभर भाग ठेवावा. तो खाल्लाच पाहिजे असें म्हणूं नये. आठ-दहा, कधीं पंधरा वेळां समोर आल्यावर मूल नवा पदार्थ चाखून पाहतें. आपण मात्र तिसऱ्या वेळीं कंटाळतों. नाक दाबून, हात धरून भरवूं नये. त्यानें घांस श्वासनळींत जाण्याचें भय असतें व अन्नाची भीति पक्की होते. भातांत डाळ लपवून फसवूं नये; एकदां कळलें म्हणजे भातहि सुटतो. शेंगदाणे व फुटाणे सबंध देऊं नयेत. कुटून किंवा दळून द्यावे. आणि सर्वांनीं एकत्र बसून जेवावें; बापास खातांना पाहून मूल जेवढें शिकतें, तेवढें सांगून शिकत नाहीं.

९. मंडळीचें काम

‘अंगणवाडी’ ही कल्पना आपल्या ह्याच किनाऱ्यावर रुजली. ताराबाई मोडक ह्यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें. गरिबांचीं मुलें शाळेंत येत नाहींत असें दिसलें, तेव्हां त्यांनीं व अनुताई वाघ ह्यांनीं शाळाच त्यांच्या अंगणांत नेली. आपणांसहि हेंच करावयाचें आहे. ज्या आईचें मूल जेवत नाहीं, ती चार बायांत येण्यास भिते. लग्नाच्या पंगतींत मूल रडलें म्हणजे सर्व नजरा तिच्याकडे वळतात. ती आपणांकडे येणार नाहीं. आपणच तिच्या दारीं गेलें पाहिजे.

तिच्या घरीं गेल्यावर उपदेश पुढें ठेवूं नका; प्रथम ऐका. “बाई, चूक तुमची नाहीं,” हें वाक्य सासूच्या समक्ष बोला. प्रार्थना करून उठतांना वजनाचा कागदहि मागून पाहा. एकीनें दुसऱ्याची जागा भरत नाहीं. बापास रात्रपाळीनंतर सकाळच्या रांगेंत उभें राहवत नसेल, तर मंडळीपैकीं कोणी एकानें आईबरोबर जावें. रिक्षाचें भाडें, एक दिवसाची बुडालेली मजुरी, घरीं राहिलेलीं दुसरीं मुलें, ह्याच लहान अडचणींनीं पुष्कळ आजार वाढतात. आणि ह्याच अडचणी शेजाऱ्यास सहज दूर करितां येतात.

आरंभीं सांगितलेल्या त्या मुलाकडे परत पाहूं. त्याची आजी प्रेमळ आहे, बाप कष्टाळू आहे, आईनें तर रात्रींची झोप सोडली आहे. त्या घरांत प्रेमाची उणीव नाहीं. उणीव आहे ती एका वजनकांट्याची, एका वहीची आणि बरोबर चालणाऱ्या एका माणसाची. ह्या तीन वस्तु प्रत्येक मंडळीजवळ आहेत.

पाठावरील प्रश्न

१. एक वर्षानंतर मुलाची भूक कां मंदावते?
२. कोणत्या लक्षणांवरून मुलास त्याच दिवशीं रुग्णालयांत न्यावें?
३. गुटगुटीत दिसणाऱ्या मुलासहि धोका कसा असूं शकतो?
४. अति दूध पिण्यानें रक्तक्षय कसा होतो?
५. डॉक्टराकडे नेण्याच्या वहींत काय काय लिहावें?
६. आपल्या वस्तींत असें मूल कोणाच्या घरीं आहे? ह्या प्रश्नाचें उत्तर सभेंत नांव घेऊन देऊं नये. आठवड्याच्या आंत त्या घरीं जाऊन द्यावें.